वाजवायचा राहिलेला ब्रॅकेट

मी एक जुनी हातोडी आहे. हातोडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एखादी दांडगी, दणादण घाव घालणारी बया उभी राहत असेल. मित्रांनो, तसं काही नाही. मी वजनाने हलकी, अंगाने लहान आणि स्वभावाने पहिल्यापासून भित्री. खिळे ठोकणं, दगड फोडणं ही कामं मी कधी केली नाहीत. माझं काम होतं ऐकण्याचं. आणि ज्याला नीट ऐकू येतं त्याला भीतीही जास्त वाटते, असा माझा अनुभव आहे.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका लोहाराने मला घडवलं. ट्रकच्या मोडक्या एक्सलचा तुकडा तापवून त्याने माझं डोकं केलं आणि त्यात बाभळीचा दांडा बसवला. मला घडवून घेणारे गृहस्थ म्हणजे रुद्राप्पा. त्यांची रुद्रमणी फौंड्री शहराबाहेर होती. तिथे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून साच्यात ओतायचे आणि त्याचे पंपांचे, ऑइल इंजिनांचे भाग तयार करायचे. बीड दिसायला मोठं दणकट. पण आत बारीकशी चीर असली तर ते एक दिवस काही न सांगता मोडतं. साधं लोखंड आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला सावध व्हायला वेळ देतं. बिडाला तेवढी माया नाही.

म्हणून प्रत्येक भाग फाटकाबाहेर पडण्याआधी माझ्याकडे यायचा. आकाराम नावाचे कामगार मला दोन बोटांत सैल धरायचे, भागावर हलकेच मारायचे आणि कान द्यायचे. भाग चांगला असला की देवळातल्या घंटेसारखा खणखणीत वाजायचा. आत चीर असली की आवाज यायचा बसका, थड् असा. तो आवाज आला की माझ्या अंगावर काटा यायचा. आकाराम त्या भागावर खडूने फुली मारायचे आणि तो पुन्हा भट्टीत जायचा. रुद्राप्पांनी फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'वाजल्याशिवाय माल बाहेर नाही.' ते वाचलं की मला थोडा धीर यायचा.

१९९४ साली रुद्राप्पांनी एक चांगलं काम काढलं. फौंड्रीत चंदगडकडचे बरेच कामगार होते. तिकडे पाऊस असा पडतो की चार-चार महिने डोंगर दिसत नाही. कुंभेवाडी नावाच्या वस्तीची शाळा ओढ्याच्या पलीकडे होती. ओढा भरला की शाळा बंद, नाहीतर मोठ्या माणसांच्या खांद्यावर बसून मुलं पाण्यातून जायची. एक पोरगी त्यात वाहून गेली होती. कामगारांकडून हे ऐकल्यावर रुद्राप्पांनी आपल्या कंपनीच्या संचालक मंडळापुढे विषय मांडला. संचालक मंडळ म्हणजे कंपनीचा कारभार बघणारी माणसं. तेव्हा त्यात चौघंच होती. स्वतः रुद्राप्पा, त्यांच्या पत्नी नीलम्मा, नुकताच इंजिनीअर होऊन आलेला मुलगा अमरेश आणि जुने भागीदार गणपतराव. नीलम्मा फक्त सह्या करायच्या. कुठे करायची ते अमरेश बोटाने दाखवायचा.

ठरलं असं की कंपनीने कुंभेवाडीला साकव बांधून द्यायचा. साकव म्हणजे ओढ्यावरचा पायी जाण्याचा लहानसा पूल. दोन काठांना दगडी ओटे, मध्ये लोखंडी तुळया, वर फळ्या. तुळया ओट्यांवर धरून ठेवायला बिडाचे सहा ब्रॅकेट, या काठाला तीन आणि त्या काठाला तीन. ते अर्थातच आपल्या फौंड्रीत ओतायचे. आकारामांनी सहाही माझ्याकडून वाजवून घेतले. पाच उत्तम निघाले. सहावा बसका वाजला. त्यावर फुली मारून तो पुन्हा ओतायला टाकला.

तो पुन्हा ओतलेला ब्रॅकेट साच्यातून निघाला खंडेनवमीच्या सकाळी, आणि तिथेच घोटाळा झाला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी फौंड्रीतलं एकूण एक हत्यार धुऊन, पुसून, चौरंगावर मांडून ठेवतात. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांचा तो विसावा. मलाही तो दिवस फार आवडायचा. त्या सकाळी नीलम्मांनी स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी अगदी फुलून गेले होते. तेवढ्यात बाहेर ट्रक येऊन उभा राहिला. दसऱ्याच्या मुहूर्तावर कुंभेवाडीत पहिला ब्रॅकेट बसवायचा होता, म्हणून सगळा माल एकाच खेपेत त्याच दिवशी निघायला हवा होता.

रुद्राप्पा म्हणाले, "आकाराम, त्यो एक ऱ्हायलाय की रं. वाजवून घे आन् मग चढव."

"मालक, हातोडीला कुकू लागलं न्हवं आत्ताच. आज कशी उचलायची?" आकाराम म्हणाले.

"मग दुसऱ्या कशानं वाजव."

"दुसरं काय हाय? समदीच बसल्यात चौरंगावर."

रुद्राप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ट्रककडे पाहिलं. नीलम्मा हातात पंचपाळं घेऊन तिथेच उभ्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की उचला मला, देव काही रागावणार नाही. पण हातोडीला तोंड नसतं. तिला कोणीतरी उचलून मारल्याशिवाय तिचा आवाज निघत नाही.

"बरं, जाऊ द्या," रुद्राप्पा म्हणाले. "धर्माचं काम हाय. देव बघंल. पावसाच्या आधी मी आन् आकाराम जाऊन तिथंच वाजवून येतो."

मित्रांनो, मी त्या गोष्टीचा नंतर फार विचार केला. तो माल एखाद्या गिऱ्हाइकाचा असता तर ट्रक एक दिवस थांबला असता. पैसे मोजणारं गिऱ्हाईक खराब माल परत पाठवतं. हा माल फुकट द्यायचा होता, आणि फुकटचा माल परत कोण पाठवणार? म्हणून तो न वाजवता गेला. माझ्यासमोरून हमालांनी तो उचलून नेला, आणि मी कपाळावर कुंकू घेऊन बघत बसले.

रुद्राप्पा शब्दाला पक्के होते. पण पावसाच्या आधी त्यांचंच बोलावणं आलं. मार्गशीर्षात त्यांना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आकारामांना त्या फौंड्रीत पुन्हा पाय टाकवेना. ते मुलाकडे इचलकरंजीला राहायला गेले. साकव तोवर बांधून झाला होता, त्याला पाटी लागली होती, नारळ फुटला होता. एक ब्रॅकेट वाजवायचा राहिला आहे ही गोष्ट आता कोणाच्याच तोंडी उरली नाही. मी मात्र ती क्षणभरही विसरले नाही. तो चांगला असेलही. पण असेलही म्हणजे नसेलही. साचा तोच, भट्टी तीच, आधीचा तर फुटकाच निघाला होता.

पुढे कंपनी वाढली. राजारामपुरीत नवं ऑफिस झालं. अमरेश मुख्य संचालक झाला. वडिलांवर त्याचा जीव होता, म्हणून त्याने फौंड्रीतून मला मागून आणलं, माझ्यावर क्रोमचा मुलामा चढवला आणि सभेच्या टेबलावर सागवानी स्टँडवर मला बसवलं. येणारे पाहुणे मला हातात घेऊन बघायचे. "अप्पांची हातोडी," असं अमरेश अभिमानाने सांगायचा. भाग वाजवायचं काम आता यंत्रं करू लागली होती. मला नवीन काम मिळालं. सभेतला एकेक विषय संपला की अमरेश मला लाकडी ठोकळ्यावर एकदा आपटायचा आणि म्हणायचा, "मंजूर!"

किती मान तो! पण त्या मानानेच माझा जीव टांगणीला लावला.

सभेतला शेवटचा विषय असायचा सामाजिक बांधिलकी. तो येईपर्यंत सगळे दमलेले असायचे. बाहेर चहा उकळत असायचा आणि भडंगाच्या बशा आत येऊ लागलेल्या असायच्या. अमरेश भराभर वाचायचा, "शाळांना वह्या दिल्या, रक्तदान शिबिर झालं, कुंभेवाडीचा साकव सुस्थितीत आहे." मग साकवाचा फोटो हातोहात फिरायचा. दर उन्हाळ्यात कंपनी साकवाला हिरवा रंग लावून घ्यायची आणि फोटोग्राफर पाठवायची. फोटोत साकव दरवर्षी नवा दिसायचा. गणपतराव भडंगाची मूठ भरत म्हणायचे, "झ्याक दिसतोय की!" नीलम्मा सही करायच्या. आणि अमरेश मला उचलून ठोकळ्यावर आपटायचा.

दर वेळी माझी पाचावर धारण बसायची. ज्या ब्रॅकेटला माझा स्पर्शही झाला नव्हता, तो चांगला आहे असं माझ्याकडूनच वदवून घेतलं जात होतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. रंगाखाली चीर दिसत नाही. फोटोतून आवाज येत नाही. आणि टेबलाभोवतीची माणसं वाईट नव्हती हो. अमरेश तर मनापासून पैसे खर्च करत होता. पण साकवावर पाय ठेवायला त्यांच्यातलं एकही माणूस कधी गेलं नव्हतं. देऊन झालं म्हणजे काम झालं, अशी त्यांची समजूत होती. जुलै लागला आणि राजारामपुरीच्या खिडकीवर पाऊस वाजू लागला की मला वाटायचं, आज शाळा असेल. आज मुलं त्या फळ्यांवरून जात असतील.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग २००२ सालच्या जुलैत, सभा चालू असताना, एक बाई दारात येऊन उभी राहिली. लुगडं ओलं, हातात घोंगडीची खोळ. विठाबाई तिचं नाव. कुंभेवाडीची. वस्तीतल्या लहान मुलांना साकवावरून शाळेत पोचवायचं आणि परत आणायचं, हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. पहाटेची एसटी धरून ती कोल्हापूरला आली होती. अमरेशने तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"काय अडचण आहे, मावशी?" अमरेशने विचारलं.

"साकवाचं सांगाया आलोय, सायेब. पलीकडल्या अंगाला पाय पडला की दबल्यावानी वाटतंय."

"काही मोडलंय का? फळी? कठडा?"

"न्हाय. डोळ्यास्नी काय दिसत न्हाय."

"मग?"

विठाबाईने पदराने तोंड पुसलं. "मला काय बी कळत न्हाय त्यातलं. पण भ्या वाटतंय. पोरं असत्यात माझ्यासंगं."

गणपतराव हसले. "भ्या वाटतंय हे इतिवृत्तात कसं लिवायचं, बाई? कंपनीनं फुकट बांधून दिलाय न्हवं? धर्माच्या गाईचं दात मोजू न्हाईत."

अमरेशला ते बोलणं आवडलं नाही. त्याने समजुतीच्या सुरात तिच्यापुढे फोटो सरकवला. "हे बघा मावशी, मे महिन्यातलाच आहे. अगदी सुस्थितीत आहे. तरी पावसाळा संपला की माणूस पाठवून बघून घेतो." विठाबाईने फोटोकडे बघितलं. अमरेशने मला उचललं. पावसाळा संपला की! म्हणजे सगळा पावसाळा तसाच काढायचा. माझं धाबं दणाणलं. मी ठोकळ्यावर पडणार, तोच टेबलाच्या टोकाकडून एक हात आला आणि त्याने माझा दांडा धरला.

तो हात नीलम्मांचा होता.

"थांब, अमरू," त्या म्हणाल्या. सभेत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "ह्यो फोटो कुणी काढला?"

"फोटोग्राफरने, अव्वा." आईला तो अव्वा म्हणायचा.

"आपल्यातलं कोण गेलंतं?"

चहाचे कप घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला.

"मी सांगते," नीलम्मा म्हणाल्या. "कोण न्हाय गेलं. मी इथं बसून वर्सावर्साला सही केली, मी बी न्हाय गेले. त्या खंडेनवमीला ह्या हातोडीला कुकू मी लावलंतं. शेवटचा ब्रॅकेट वाजवायचा ऱ्हायला तवा मी तिथंच हुते. तुझे अप्पा म्हणालेते, पावसाच्या आधी जाऊन येतो. त्ये काय गेले न्हाईत. मी इसरून गेले. आज सही न्हाय. मंजूर बी न्हाय. उद्या आपुन समदी जायचं. हातोडी घेऊन."

मित्रांनो, इतकी वर्षं जी गोष्ट माझ्या एकटीच्या पोटात होती ती दुसऱ्या कोणीतरी उच्चारली. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

दुसऱ्या दिवशी जीप निघाली. नीलम्मांनी मला मांडीवर पदरात गुंडाळून घेतलं होतं. गणपतराव वाटभर कुरकुरत होते, की कामधाम सोडून हे कसलं खूळ. चंदगडच्या पुढे पाऊस इतका वाढला की समोरचा रस्ता दिसेना. कुंभेवाडीच्या अलीकडे जीप थांबवून सगळे चिखलातून चालत गेले. विठाबाई मुलांना सकाळीच पलीकडे पोचवून आली होती. ती काठावर उभी होती. आणि मी साकव पहिल्यांदा पाहिला. फोटोत होता तसाच हिरवागार. पण फोटोत खाली ओढा नव्हता. आता ओढा होता, तांबडा, फुगलेला, फळ्यांपासून हातभर खाली. झाडाच्या फांद्या त्यातून गरगरत जात होत्या.

गणपतरावांना भिजण्याचा कंटाळा आला होता. "वाजवायचं काय त्यात? ह्यो बघा, मी चाललो," असं म्हणून ते सरळ साकवावर चढले, मध्यापर्यंत गेले आणि तिथे दोन्ही पायांनी दाणकन आपटून दाखवलं. "कुठं काय हुतंय? बैल न्हेला तरी काय हुणार न्हाय!"

"आण्णा, माघारी या!" नीलम्मा किंचाळल्या. माझ्या तर काळजाचं पाणी झालं होतं. गणपतराव हसत परत आले, पण परत येताना चार पावलं जरा भराभर पडली, हे मी पाहिलं.

मग नीलम्मा ओट्याच्या बाजूने खाली उतरल्या. त्यांचं वय झालं होतं, पाय घसरत होते, विठाबाईने त्यांना मागून कमरेला धरलं होतं. त्यांनी मला पहिल्या ब्रॅकेटवर मारलं. खणखणीत! दुसऱ्यावर. खणखणीत. तिसऱ्यावर मारताना तर मला बघवेना. तोही घंटेसारखा वाजला. या काठाचे तिन्ही चांगले होते. उरलेले तीन पलीकडच्या काठाला होते, आणि पायी पलीकडे जायची वाट एकच होती.

नीलम्मा साकवाकडे वळल्या. अमरेशने त्यांना अडवलं.

"अव्वा, दे इकडे. मी जातो."

"सही माझी हाय, अमरू."

"माझी पण आहे," तो म्हणाला आणि त्याने माझा दांडा त्यांच्या हातातून घेतला.

तो साकवावरून चालू लागला. त्याच्या हाताला घाम होता की पाऊस, ते कळत नव्हतं, पण बोटं थंडगार होती. पलीकडचे शेवटचे काही हात राहिले तेव्हा पायाखालची फळी किंचित खाली गेली. विठाबाई म्हणाली होती अगदी तसं. अमरेश जागीच थिजला. मग एक-एक पाऊल सरकत तो काठाला पोचला, ओट्याला धरून खाली वाकला आणि मला मारलं. पहिला चांगला वाजला. दुसराही. तिसरा अगदी पाण्याच्या बाजूला होता. अमरेशने हात लांब केला.

थड्.

तो आवाज मी आठ वर्षं मनातल्या मनात ऐकत आले होते. अमरेशनेही तो ओळखला. लहानपणी वडिलांबरोबर फौंड्रीत येऊन त्याने तो ऐकला होता. त्याने पुन्हा मारलं. हिरव्या रंगाचा पापुद्रा गळून पडला आणि खाली काळी चीर दिसली, वरपासून खालपर्यंत गेलेली. तिच्यातून पाणी झिरपत होतं.

तो वर चढून पलीकडे ओरडला, "अव्वा! कोणी चढू नका! फुटका आहे!" पावसात ते कितपत ऐकू गेलं कोण जाणे. आणि तेवढ्यात त्याच्या पाठीमागून घंटा वाजली. पाऊस वाढला म्हणून गुरुजींनी शाळा लवकर सोडली होती.

मित्रांनो, तुम्हाला ठाऊक आहे, शाळा सुटल्यावर मुलं कशी धावतात. डोक्यावर इरली, प्लास्टिकचे कागद, दप्तरं पोटाशी धरलेली, आरडाओरडा करत सगळी टेकाडावरून खाली येत होती. साकव त्यांच्या रोजच्या पायाखालचा. त्यांना कसली भीती? अमरेश हात पसरून वाटेत उभा राहिला. "थांबा! थांबा रे!" पुढची मुलं थांबली, मागच्यांनी त्यांना ढकललं. एक लहानशी मुलगी त्याच्या काखेखालून निसटली आणि सरळ फळ्यांवर गेली. समोर विठाबाई दिसत होती, म्हणून ती हसत तिच्याकडेच धावली.

अमरेशच्या एका हातात मी होते. तिच्यामागे वळताना दुसऱ्या हाताने त्याने कठडा धरला. मुलीला पकडायला त्याला हात हवा होता. त्याने मला सोडून दिलं.

मी पडता पडता पाहिलं. त्याने त्या मुलीचा परकर मुठीत धरला, तिला मागे ओढलं आणि दोघंही काठाच्या चिखलात आडवी पडली. मग माझ्यावर पाणी आलं. त्याने मला सोडलं याचा मला कधी राग आला नाही. त्याच्या हातून माझं सगळ्यात चांगलं काम तेव्हाच झालं.

मी ओढ्याच्या तळाला गेले आणि ओट्याच्या पायथ्याशी दोन दगडांमध्ये अडकले. तेव्हापासून मी इथेच आहे. क्रोम कधीच गेला, दांडा कुजला, अंगावर गंज आणि शेवाळ आहे. कधी एखादा खेकडा माझ्याखाली लपतो. पण कान शाबूत आहेत. साकवावर उभी राहून माणसं बोलतात ते मला ऐकू येतं. त्यावरून पुढचं कळलं. त्या दिवशी नीलम्मा आणि विठाबाई अलीकडच्या तोंडाशी फळ्यांवर आडव्या बसल्या आणि त्यांनी कोणालाही चढू दिलं नाही. अमरेश मुलांबरोबर शाळेतच थांबला. गणपतराव मोठा वळसा घालून लांबच्या पक्क्या रस्त्याने जीप फिरवून आले आणि त्यांनी मुलांना पाळीपाळीने घरी सोडलं.

नवा ब्रॅकेट आला तो गाडीतून उतरवण्याआधीच नीलम्मांनी दुसऱ्या हातोडीने वाजवून घेतला. आणि त्यांनी संचालक मंडळात एक नियम केला. सामाजिक बांधिलकीचा विषय चहाच्या आधी, सगळ्यात पहिला घ्यायचा, आणि पावसाच्या आधी एका तरी संचालकाने स्वतः कुंभेवाडीला येऊन सहाही ब्रॅकेट वाजवायचे. पहिली काही वर्षं त्या स्वतः येत. वरून सहा वेळा खणखणीत आवाज यायचा आणि तो वर्षभर मला पुरायचा. मग त्यांना चालवेनासं झालं. अमरेश येऊ लागला. एका वर्षी गणपतरावही आले आणि विठाबाईशी बराच वेळ बोलत उभे राहिले.

पण कंपनी आणखी वाढली आहे. आता या कामासाठी वेगळी समिती झाली आहे, तिचा साहेब पुण्याला बसतो. मागच्या उन्हाळ्यात, ओढा आटून मला वरचं दिसत होतं तेव्हा, एक तरुण आला. त्याच्या हातात हातोडी नव्हती, कॅमेरा होता. त्याने रंग लावून घेतला, विठाबाईला पाटीशेजारी उभं करून फोटो काढला आणि निघून गेला. "वाजवायचं न्हाय व्हय?" विठाबाईने विचारलं. तो म्हणाला, "ते आता गरजेचं नाही, मावशी. नवीन आहे ना ब्रॅकेट." नवीन! मित्रांनो, तेव्हापासून माझी झोप पुन्हा उडाली आहे.

या वर्षी तर कोणीच आलेलं नाही. २००९ चा जून सरला. विठाबाई वरून चालते तेव्हा ती पलीकडच्या टोकाला क्षणभर थांबते, हे मला तिच्या पावलांवरून कळतं. ती घाबरली आहे की सवयीने थांबते, ते कळत नाही. मला वाटतं, ती घाबरली आहे.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या गावात कोणा मोठ्या माणसाने, कंपनीने काही दिलं असेल, शाळेची खोली, पाण्याची टाकी, झोपाळा, तर त्याच्यावरची पाटी वाचा. पाटीवर ज्यांचं नाव आहे त्यांना विचारा की तुम्ही शेवटचे इथे कधी आला होता. लाजू नका. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल विचारू नये असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्या वस्तूवर पाय तुमचे पडणार आहेत. आणि उद्या मोठे होऊन तुम्हीच अशा एखाद्या टेबलाभोवती बसलात, तर चहा येण्याआधी उठा, चिखलातून चालत जा आणि आपल्या हाताने वाजवून बघा.

सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. माझ्या डोक्यावरून झाडाची एक मोठी फांदी आत्ताच गरगरत गेली. पाणी फळ्यांच्या जवळ आलं असणार. शाळा सुटायची वेळ झाली आहे.